खोळंबा

श्रोतेहो, मुंबईकराला अत्यंत अप्रिय असा एखादा शब्द शोधावयाचा झाल्यास तो ‘खोळंबा’ हाच निघेल. परळ आणि दादर यांच्या दरम्यान गाडी उभी राहिली आणि पाच-दहा मिनिटे लोटली तरी हलेना, म्हणजे डब्यातील सर्वांच्या मुद्रा एकदमच पालटतात. कोणी मनगटावरील घड्याळ पाहतो, कोणी दारातून मान काढून सिग्नलचा रंग न्याहाळतो, तर कोणी रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागतो. आपल्या मालकीची काही वस्तू कोणी हिरावून नेली, असाच भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतो. ती वस्तू म्हणजे आपला वेळ. परंतु हा वेळ खरोखरच चोरीस जातो काय, की तो आपल्याच हाती असून आपण तो रागाच्या स्वाधीन करतो? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात कोठे सापडते का, ते आज आपण पाहू.

प्रथम हे लक्षात घ्यावयास हवे की, खोळंब्याचा राग ही तशी अलीकडची गोष्ट आहे. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. त्यापूर्वीचा प्रवासी घरून निघतानाच वाटेतले मुक्काम हिशेबात धरीत असे. नदीला पूर आला तर उतार पडेपर्यंत अलीकडच्या तीरावर थांबावयाचे, घाटात सोबत मिळेना तर पायथ्याशी वस्ती करावयाची, ही रीतच होती. आणि समाजानेही तिची सोय करून ठेवली होती. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आणि विस्तीर्ण तलाव आजही पाहावयास मिळतो. घाट चढणाऱ्याने तेथे टेकावे, पाणी प्यावे, आणि मग पुढची वाट धरावी. पुढे आगगाडी आली, तरी घाटाने तिलाही काही वर्षे थांबवून धरले. मुंबईकडून लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत आला, खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ साली सुरू झाला, पण मधल्या घाटातून गाडी जावयास १८६३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत पुण्यास जाणाऱ्यास खोपोलीस उतरून पालखीने, बैलगाडीने किंवा पायी घाट चढावा लागे आणि वर पुन्हा दुसऱ्या गाडीत बसावे लागे. खोळंबा हा प्रवासाचाच एक भाग होता.

रेल्वेने आपल्याला वेळापत्रक दिले, आणि वेळापत्रकाबरोबरच उशिराचा त्रागाही दिला. त्यातून आमच्या मुंबईची मौज अशी की, या शहरात कित्येक वर्षे एकाच क्षणी दोन वेळा चालत असत. १९०६ साली सरकारने देशभर एक प्रमाण वेळ लागू केली; परंतु ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. सूर्य आमच्या गिरगावात उगवतो त्याप्रमाणे आमचे घड्याळ चालेल, असा नगरवासीयांचा आग्रह पडला, आणि नगरपालिकेने ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकवून धरला. स्टेशनाचे घड्याळ एक सांगे आणि शहरातील घड्याळ दुसरे. ज्याने हा फरक ध्यानात ठेवला नाही, त्याची गाडी सुटली म्हणून समजावे! खोळंबा हा पुष्कळ अंशी कोणत्या घड्याळाला आपण मानतो यावर अवलंबून असतो, हे मुंबईकराइतके अनुभवाने कोण जाणणार?

आता मी आपणांस खाडीपलीकडे नेतो. मुंबई बंदराच्या पलीकडच्या अंगास पेण तालुक्यात वरसई नावाचे गाव आहे. तेथील विष्णुभट गोडसे नावाचे एक भिक्षुक १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. हेतू साधा होता. घरी दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असे कानावर आले. तेथे चार पैसे दक्षिणा मिळेल, तीर्थयात्रा घडेल आणि परत येऊन ऋणमुक्त होता येईल, एवढाच विचार. परंतु ही मंडळी महूच्या आसपास पोहोचतात तो शिपायांमध्ये कुजबूज सुरू झालेली, आणि थोड्याच दिवसांत सारा उत्तर हिंदुस्थान पेटला. रस्ते बंद झाले. पुढे जावे तर लढाई, मागे फिरावे तर लूटमार. काही महिन्यांचा म्हणून आखलेला प्रवास दोन वर्षांहून अधिक काळ लांबला. यापेक्षा मोठा खोळंबा तो कोणता?

या काळात गोडसे भटजी झाशीस राहिले. राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय त्यांना लाभला. इंग्रज सैन्याने झाशीस वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. तोफांचे गोळे, लागलेल्या आगी, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट ही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पुढे पराभवानंतरच्या धावपळीत एका विहिरीपाशी तहानेने व्याकुळ झालेली राणी त्यांना भेटली. तिच्यासाठी पाणी काढावयास ते पुढे सरसावले, तर विद्वान ब्राह्मणाकडून ते काम न करविता तिने स्वतःच पाणी काढून घेतले, असा प्रसंग त्यांनी नमूद केला आहे. मिळविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली. अखेर गंगोदकाची कावड मात्र त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांस त्या पाण्याने स्नान घातले. व्यवहाराच्या खतावणीत पाहिले तर हा प्रवास केवळ तोट्याचा ठरला.

पण खतावणी येथे संपत नाही. पुढे भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी त्यांना ही सर्व हकीकत लिहून काढण्याचा आग्रह केला. भटजींनी ती लिहिली. मात्र सरकारच्या भयाने त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. १९०७ साली वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने ती प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखितानुसारची प्रत महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली वाचकांपुढे ठेवली. सत्तावन सालच्या त्या प्रलयाचे एका सामान्य मराठी माणसाने केलेले असे प्रत्यक्षदर्शी वर्णन दुसरे क्वचितच असेल. विचार करा, यज्ञ ठरल्याप्रमाणे पार पडला असता आणि भटजी दक्षिणा घेऊन वेळेवर घरी परतले असते, तर कर्ज फिटले असते. परंतु आपणांस हा ग्रंथ मिळाला नसता. अडकून पडलेले हजारो होते. या एका माणसाने मात्र अडकलेल्या अवस्थेतही डोळे उघडे ठेवले. बाजारात काय विकते, राणी दिवस कसा घालविते, लोक काय बोलतात, हे सारे तो पाहत राहिला आणि स्मरणात साठवीत गेला. खोळंब्याचे चीज झाले ते एवढ्याने.

त्याच बंदराच्या पाण्यावरची दुसरी एक हकीकत सांगतो. ती दुःखाची आहे. दिनांक १७ जुलै १९४७. दिव्यांच्या अवसेचे दिवस. गिरगाव, परळ, लालबाग या भागांतील पुष्कळ चाकरमानी सणासाठी अलिबागकडे आपल्या गावी निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली. पावसाळा ऐन भरात होता, समुद्र खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे तासन्‌तास मुंबईस वार्तासुद्धा नव्हती. त्या दिवशी धक्क्यावर ज्याची बोट चुकली, त्याने सकाळी आपल्या दैवाला बोल लावला असेल. संध्याकाळी त्याच दैवापुढे त्याने हात जोडले असतील. ‘आज निघत नाही’ असे कोणी सांगितले, तर ते आपल्या हिताचेही असू शकते, हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

परंतु या घटनेतील एक गोष्ट मला विशेष सांगावयाची आहे. त्या वेळी त्या बाजूचे काही कोळी आपापल्या होड्यांतून मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. मासळीचा धंदा म्हणजे वेळेचा धंदा. उशीर झाला की माल मातीमोल. त्यांनी बुडणारी माणसे पाहिली, आणि होडीत जागा व्हावी म्हणून मासळी समुद्रात टाकून दिली. आपली वाट सोडून ते थांबले, आणि कित्येकांचे प्राण वाचले. गोडसे भटजींवर खोळंबा ओढवला होता; या कोळ्यांनी तो आपण होऊन पत्करला. त्या सकाळी त्यांना बाजार मिळाला नाही. परंतु त्यांच्याहून अधिक चांगला सौदा त्या दिवशी मुंबईत कोणी केला असेल, असे मला वाटत नाही.

आणि दिनांक २६ जुलै २००५ हा दिवस तर आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवलेला आहे. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याच वेळी ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नाही. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी त्या वेळी परळ भागातील एका शाळेत शिक्षक होतो. संध्याकाळी पाण्यातून वाट काढीत काही माणसे आमच्या फाटकाशी आली, आणि रात्र पडेपर्यंत तीन वर्ग भरले. प्रारंभी प्रत्येक जण आपापल्या काळजीत गप्प होता. तेवढ्यात एका बाईंनी खडू घेऊन फळ्यावर आपले नाव आणि आपण कोठे राहतो ते लिहिले. तिच्याखाली दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने लिहिले. फळा भरत आला तेव्हा ध्यानात आले की, डोंबिवलीची सात माणसे आहेत, मुलुंडची चार आहेत, आणि दोघेजण तर एकाच गल्लीतले असून आजपर्यंत एकमेकांशी बोललेले नाहीत! सकाळी पाणी ओसरल्यावर माणसे एकएकटी न जाता आपापल्या गावच्या टोळ्या करून निघाली. वृद्धांना सोबत मिळाली, आणि जो आधी पोहोचेल त्याने मागे राहिलेल्यांच्या घरी निरोप द्यावयाचा असे ठरले. तो फळा पुसावयास मला दोन दिवस हात झाला नाही.

श्रोतेहो, इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले, आणि इतिहास म्हणजे वेळेवर पोहोचलेल्यांचीच कथा, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. आता वाटते की, वाटेत अडकलेल्यांनी काय केले यावरही त्याचा मोठा भाग उभा आहे. गाडी केव्हा सुटेल हे आपल्या हाती नाही; रुळांवर उड्या टाकून तिला लवकर सोडविताही येत नाही, उलट जीव मात्र धोक्यात येतो. घरी निरोप द्यावा, पिशवीत एखादे पुस्तक असावे, आणि शेजारी बसलेल्यास तो कोठला ते विचारावे. पुढच्या खेपेस दादरच्या अलीकडे गाडी थांबली, तर घड्याळाकडे एकदाच पाहा, आणि मग मान वर करा. समोर कोण बसले आहे, ते अद्याप आपण पाहिलेले नसते.