पाचशे पौंडांची रेकॉर्ड, आणि ती पोहोचवली कोणी?

परवा दोन कॉलेजची पोरं आली होती. "सर, स्वतःचं पाक्षिक काढायचंय. छपाईला किती लागतील?" मी म्हटलं, छपाईचं होईल काहीतरी, अंक पोहोचवणार कोण? पोरं गप्प. मग त्यांना इंग्लंडमधली एक गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

जुलै १९७६. लंडनमधला मार्क पेरी नावाचा बँकेतला कारकून. पंक रॉक तेव्हा नुकतं उगवत होतं. त्याबद्दल आपल्याला हवं तसं कुणी लिहीत नाही म्हणून याने घरचा टाइपरायटर घेतला, मथळे स्केचपेनने लिहिले, पानं झेरॉक्स केली आणि अंक काढला, 'स्निफिन ग्लू'. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेल्या अशा अंकाला फॅनझिन म्हणतात. संपादक, वार्ताहर, शिपाई, सगळं एकच माणूस! पहिल्या अंकाच्या मोजक्याच प्रती होत्या, वर्षभरात खप हजारोंवर गेला. गावोगावच्या पोरांना कळलं, की यासाठी परवानगी लागत नाही.

जे छापण्याचं, तेच गाण्याचं. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ओळखीपाळखीतून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच 'न्यू हॉर्मोन्स' लेबलवर 'स्पायरल स्क्रॅच' काढली. हजार प्रती. पुढे त्या रेकॉर्डच्या सोळा हजारांच्या घरात प्रती खपल्या. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर कमाल केली. ध्वनिमुद्रणाला किती, रेकॉर्ड दाबायला किती, लेबल छापायला किती, सगळा खर्च कव्हरवरच छापून टाकला. म्हणजे धंद्याचं गुपित उघड्यावर!

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कुणी सांगत नाही.

या रेकॉर्डी दुकानात गेल्या कशा? मोठ्या कंपन्यांच्या गाड्या यांचा माल नेणार नव्हत्या. पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिसचं 'रफ ट्रेड' नावाचं दुकान होतं, १९७६ चं. तिथे फॅनझिन आणि रेकॉर्डी शेजारी शेजारी विकायला असत. दुकानाने हळूहळू दुसऱ्या दुकानांना माल पाठवायला सुरुवात केली, १९७८ मध्ये स्वतःचं लेबलही काढलं. खर्च वजा जाता नफा बँड आणि लेबल यांच्यात निम्मा-निम्मा. पुढे यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, एडिंबरा, नॉरिच अशा ठिकाणच्या वितरकांनी मिळून 'कार्टेल' नावाचं जाळं विणलं. गावातल्या पोराची रेकॉर्ड देशभर जाऊ लागली, लंडनच्या मोठ्या कंपनीचा उंबरा न झिजवता.

मग हेच जाळं तुटलं. १९८८ च्या सुमारास यॉर्कचा 'रेड राइनो' बुडाला. १९९१ मध्ये रफ ट्रेडची वितरण शाखा कोसळली. पसारा वाढला होता, देणी-घेणी हाताबाहेर गेली होती. गंमत बघा, ज्यांच्या रेकॉर्डी चांगल्या खपत होत्या त्या लेबलांचेही पैसे त्यात अडकले. माल विकला गेला, पैसे गल्ल्यात आले, पण गल्ला दुसऱ्याचा होता. एजंटाकडे थकलेली बिलं ज्याने वसूल केलीत, त्याला हे वेगळं समजावायला नको.

आज लिहिणं, छापणं, गाणं रेकॉर्ड करणं जवळजवळ फुकट झालंय. आपल्याला वाटतं, झालो स्वतंत्र. पण पोहोचवणारा? मी हे लिहितोय ते कुणाला दिसेल, हे मी ठरवत नाही. पेरीच्या झेरॉक्सला निदान एवढं तरी माहीत होतं, की आपण कुठल्या दुकानाच्या काउंटरवर पडलोय.

म्हणून त्या पोरांना सांगितलं : आधी वीस दुकानं, दहा पोरं आणि दोन बसस्टँड धरा. वसुलीची वही स्वतःकडे ठेवा, आणि सगळा माल एकाच्या हाती देऊ नका. छपाईचं मग बघू.

पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत. तुमच्या गावात अंक ठेवणारा कुणी दुकानदार असेल तर कळवा.