गुलाममुक्तीचा जाहीरनामा

अब्राहम लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने अमेरिकेतील गुलामगिरी संपली, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. हे विधान अपुरे आहे.

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९.५ लाख गुलाम होते. लिंकन निवडून येताच दक्षिणेतील राज्ये फुटू लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. आरंभी लिंकन यांचे उद्दिष्ट संघराज्य टिकविणे एवढेच होते. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमच्या लढाईत दक्षिणेची आगेकूच रोखली गेल्यावर त्यांनी जाहीरनाम्याची पूर्वसूचना दिली. युद्धकालीन अधिकारात काढलेला हा आदेश केवळ बंडखोर प्रदेशाला लागू होता. एकनिष्ठ राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिसुरी या राज्यांतील गुलाम त्यातून वगळले गेले. टेक्सासमध्ये त्याची अंमलबजावणी जाहीर व्हायला १९ जून १८६५ उजाडावा लागला.

तरीही जाहीरनाम्याने युद्धाचे स्वरूप पालटले. कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे खुली झाली. सुमारे १ लाख ८० हजार जण संघराज्याच्या बाजूने लढाईत उतरले. ब्रिटनला दक्षिणेची उघड बाजू घेणे अवघड झाले. गुलामगिरीचा कायदेशीर शेवट मात्र ६ डिसेंबर १८६५ रोजी राज्यांची मान्यता पूर्ण झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने झाला. त्यातही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद राहिला.

या मुक्तिलढ्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

म्हणूनच युद्ध, जाहीरनामा आणि घटनादुरुस्ती हे तिन्ही टप्पे एकत्रच अभ्यासावेत.