रेसिंग गेममधले ड्रायव्हिंग असिस्ट: कोणता आधी बंद करायचा?

फोनवर नवीन रेसिंग गेम टाकला की बऱ्याचदा पहिल्याच शर्यतीत आपण जिंकतो. भारी वाटतं, पण गाडी आपण किती चालवली आणि गेमने किती, हे कळत नाही. मग कोणीतरी सांगतं, "असिस्ट बंद कर, खरी मजा त्यात आहे." सगळे एकदम बंद केले की पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर आणि दोन दिवसांत गेम अनइन्स्टॉल! म्हणून असिस्ट कोणत्या क्रमाने बंद करायचे, ते पाहूया.

असिस्टचे तीन प्रकार

१. आपल्या वतीने चालवणारे: स्टिअरिंग असिस्ट आणि ब्रेक असिस्ट. २०१८ साली आलेल्या 'अ‍ॅस्फाल्ट ९' मधला टचड्राइव्ह हे याचं टोक. गाडी स्वतः वळते, स्वतः वेग घेते. आपण फक्त स्वाइप करून मार्ग निवडायचा आणि नायट्रो, ड्रिफ्ट वेळेवर दाबायचं.

२. माहिती देणारे: रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवर दिसणारी रंगीत रेघ. रेघ लाल झाली की ब्रेक मारायचा.

३. चूक सावरणारे: जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस ब्रेकचा दाब पटापट कमी-जास्त करून चाकं फिरती ठेवतं. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कमी करून चाकं जागच्या जागी फिरू देत नाही.

बंद करण्याचा क्रम

आधी स्टिअरिंग असिस्ट, मग ब्रेक असिस्ट. हे चालू असताना वळणावर कधी वळायचं आणि कधी थांबायचं हे आपण शिकतच नाही. 'लो' असा पर्याय असेल तर आधी तो घ्या.

त्यानंतर रेसिंग लाइन. ती बंद करण्यापूर्वी रेघ कुठे लाल होते ते बघा आणि तिथली एखादी खूण लक्षात ठेवा: बोर्ड, झाड, पूल. मग रेघ नसली तरी ब्रेकची जागा सापडते.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल फोनवर चालू राहिले तरी चालेल. टचस्क्रीनवरचं ब्रेकचं बटण बहुतेक वेळा पूर्ण दाबलेलं असतं किंवा सोडलेलं. पायाने पेडल हळूहळू दाबावं तसं बोटाने जमत नाही. ती कमी एबीएस भरून काढतं. यात कमीपणा काही नाही. फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर २००८ पासून बंदी आहे, पण जीटी३ प्रकारच्या खऱ्या रेस गाड्यांमध्ये ते आणि एबीएस दोन्ही असतात.

लहान भावंडाला शिकवताना

एक गाडी, एक ट्रॅक आणि एका वेळी एकच गोष्ट. १९९७ च्या 'ग्रान टुरिस्मो'ने लायसन्स टेस्टमध्ये हेच केलं होतं: पूर्ण शर्यतीऐवजी छोटे धडे, कधी फक्त ठरलेल्या जागेत गाडी थांबवायची. 'ग्रिड ऑटोस्पोर्ट'सारख्या गेममध्ये फ्लॅशबॅक असतो, तो जरूर वापरू द्या. चुकलेलं वळण लगेच पुन्हा घेता आलं की चूक कुठे झाली ते कळतं. फोन हिसकावून "थांब, मी दाखवतो" म्हणणं मात्र टाळा. तोही असिस्टच झाला!

लोकलमध्ये खेळत असाल तर

मी डोंबिवली-ठाणे प्रवासात टिल्ट स्टिअरिंग वापरत नाही. फोन कलला की नाही, हे अ‍ॅक्सेलरोमीटर ठरवतो; पण गाडीचे हेलकावे आणि ब्रेकचा धक्काही त्याला जाणवतो. त्यामुळे आपण फोन न हलवताही गेममधली गाडी भरकटते. शिवाय गर्दीत कोपर हलवायला जागा कुठे असते? टच स्टिअरिंग घ्या. टिल्टच हवं असेल तर सरावाची शर्यत घरी करा.

शेवटी एक गोष्ट. गेममध्ये ब्रेकचा अंदाज आला म्हणजे रस्त्यावर गाडी चालवता येते असं नाही. गाडीचं वजन, ओला रस्ता आणि मध्येच येणारा माणूस फोनवर जाणवत नाही. कार आणि गिअरच्या बाईकसाठी वय १८ आणि लायसन्स लागतंच, गेममध्ये कितीही शर्यती जिंकल्या तरी.