नेदरमधून काय आणायचं?

‘माइनक्राफ्ट’मध्ये नेदर हे दुसरं जग आलं ते ऑक्टोबर 2010 च्या अखेरीस, हॅलोविनच्या मुहूर्तावर. मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने हा खेळ लोकांपुढे ठेवून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि खेळ अजून अल्फा अवस्थेतच होता. ऑब्सिडियनच्या काळ्या ठोकळ्यांची चौकट रचायची, चकमक झाडायची, आत तयार होणाऱ्या जांभळ्या पडद्यात, म्हणजे पोर्टलमध्ये, शिरायचं. पलीकडे वर खडकाचं छत, खाली लाव्हाचे समुद्र. बादलीतून पाणी न्यावं तर ते ओतताक्षणी वाफ होतं. लाव्हा मात्र वरच्या जगापेक्षा इथे जास्त वेगाने आणि जास्त लांबवर धावतो.

एवढं करून तिथून आणण्यासारखं काय होतं? सुरुवातीला फारसं काही नाही. जिकडे बघावं तिकडे नेदररॅक हा तांबडा, ठिसूळ दगड. चालणाऱ्याचा वेग मंदावणारी सोल सँड. आणि छताला लटकलेले ग्लोस्टोनचे चमकते घड. दिव्यांसाठी ग्लोस्टोन तेवढा कामाचा. नेदरचा खरा माल होता अंतर. तिथे एक ठोकळा चाललं की वरच्या जगात आठ ठोकळे पार होतात. मे 2011 मध्ये बीटा 1.6 आलं आणि अनेकांनी मिळून खेळायच्या सर्व्हरांवरही पोर्टल चालू झाली. मग नेदर ही खाण होण्याआधी सडक झाली. ‘टूबीटूटी’ हा डिसेंबर 2010 पासून चालू असलेला, कसलेच नियम नसलेला सर्व्हर याचा सर्वांत टोकाचा नमुना. तिथला आरंभबिंदूभोवतीचा मुलूख पार उद्ध्वस्त झालेला, तेव्हा वसती करायची तर लाखो ठोकळे दूर जावं लागतं. दहा लाख ठोकळ्यांचा प्रवास नेदरमधून सव्वा लाखात आटोपतो, म्हणून खेळाडूंनी तिथे लांबच लांब महामार्ग खोदले. त्याच महामार्गांवर इतर खेळाडू सापळेही लावून ठेवत.

वाटेत गास्ट असतच. हवेत तरंगणारा, आगीचे गोळे फेकणारा हा पांढरा जीव. त्याचा आवाज आहे खेळाचा संगीतकार डॅनियल रोझेनफेल्डच्या मांजरीचा. झोपेतून दचकून उठताना ती ओरडली होती, ते ध्वनिमुद्रण कामी आलं. गास्टचा गोळा नेमक्या क्षणी फटका मारून त्याच्यावरच उलटवता येतो, पण पोर्टलवर पडला तर जांभळा पडदा विझतो, आणि चकमक बरोबर नसेल तर परतीची वाट बंद. म्हणून अनुभवी खेळाडू आत पोचताच आधी पोर्टलभोवती साध्या दगडी ठोकळ्यांची भिंत घालतात. नेदररॅकच्या चिंधड्या उडवणारा गोळा त्या भिंतीचं काही वाकडं करू शकत नाही.

नोव्हेंबर 2011 मध्ये पूर्ण आवृत्ती आली आणि नेदरमध्ये किल्ले उभे राहिले. त्यांची राखण करणाऱ्या ब्लेझला मारलं की ब्लेझ रॉड मिळतो. त्याशिवाय औषधं उकळायचा स्टँड बनत नाही. किल्ल्यातलं नेदर वॉर्ट हा बहुतेक औषधांचा पाया. त्यात मॅग्मा क्रीम घातलं की अग्निरोधक औषध तयार. ते प्यायलेला माणूस तीन मिनिटं लाव्हात पोहला तरी त्याला चटका बसत नाही. नेदरमध्ये टिकायची सर्वांत भरवशाची सोय अशी नेदरमधूनच मिळवावी लागते. पहिली फेरी सर्वांत जीवघेणी ठरते ती यामुळेच.

मोबाइलवर खेळणाऱ्यांचं नेदर मात्र काही काळ वेगळंच होतं, आणि ते सांगायलाच हवं. पॉकेट एडिशनचं जग तेव्हा 256 बाय 256 ठोकळ्यांचं. त्यात दुसरं जग कुठे मावणार? 2012 मध्ये त्यावर तोड निघाली, नेदर रिअ‍ॅक्टर. तीन हिरे आणि सहा लोखंडी विटा यांचा गाभा, भोवती सोन्याचे चार आणि साध्या दगडाचे चौदा ठोकळे. गाभ्याला हात लावला की आपल्याच अंगणात नेदररॅकचा मनोरा उभा राहायचा, झोंबी पिगमन चाल करून यायचे आणि ग्लोस्टोनची भुकटी, क्वार्ट्‌झ वगैरे ऐवज जमिनीवर सांडायचा. 2015 मध्ये मोबाइलला खरं नेदर मिळालं आणि रिअ‍ॅक्टर निकामी झाला. जुगाड म्हणून तो मूळ नेदरपेक्षा गमतीदार होता.

23 जून 2020 च्या 1.16 आवृत्तीने नेदरचं अर्थकारण पालटलं. एकसुरी तांबड्या मुलखात जंगलं, बेसाल्टचे उतार, सोनं ओळखणारे पिग्लिन आले. अंगावर सोन्याचं एक जरी चिलखत असलं तरी पिग्लिन वाटेला जात नाहीत. सोन्याची वीट टाकली तर बदल्यात काही ना काही देतात. मात्र त्यांच्यासमोर सोन्याचा ठोकळा फोडला की मैत्री संपली. खरी हाव सुटली ती ‘एन्शंट डेब्री’ची. हे खनिज कधी उघड्यावर दिसत नाही. उंचीच्या आकड्यात 15 च्या आसपास, भिंतींच्या पोटात दडलेलं असतं, आणि हिऱ्याच्या कुदळीशिवाय हाती लागत नाही. ते चार वितळवून त्यात सोन्याच्या चार विटा घातल्या की नेदराइटची एक वीट होते. चिलखताच्या चार तुकड्यांना चार विटा, म्हणजे नखशिखांत चिलखत घालायचं तर सोळा डेब्री शोधायचे.

इथे खेळाडूंनी एका जुन्या सापळ्याचं अवजार केलं. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की पलंगाचा स्फोट होतो, तोही टीएनटीपेक्षा मोठा. टीएनटीला दारू आणि वाळू लागते. पलंगाला लोकर आणि फळ्या पुरतात. मग मेंढ्यांचे कळप पाळायचे, डझनावारी पलंग घेऊन बोगद्यात उतरायचं, मध्ये एका ठोकळ्याची आड ठेवायची आणि पलंगाला हात लावायचा. नेदररॅक उडून जातो, डेब्री स्फोटाला दाद देत नाहीत, जागच्या जागी उघडे पडतात.

जून 2023 च्या 1.20 आवृत्तीत या घाऊक खोदकामाला चाप बसला. हिऱ्याची वस्तू नेदराइटची करायला आता साचा लागतो आणि तो पिग्लिनांच्या पडक्या गढ्यांमध्ये शोधावा लागतो. दर वस्तूमागे एक साचा खर्च होतो. त्याची नक्कल करता येते, पण तिला सात हिरे लागतात, आणि त्यांच्या जोडीला इतकी वर्षं पलंगांनी उडवून टाकलेल्या नेदररॅकचा एक ठोकळा.