तिखे, पोलाद, उक्कु

मोल्सवर्थच्या कोशात ‘तिखें’ असा एक नपुंसकलिंगी शब्द आहे. अर्थ दिला आहे पोलाद. मूळ ‘तीक्ष्ण’ हे उघडच दिसते, म्हणजे हा आपल्या ‘तिखटा’चा सख्खा भाऊ. अमरकोशात लोखंडाच्या नावांतच ‘तीक्ष्ण’ येते. ‘रसरत्नसमुच्चय’ मात्र लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कान्त असे तीन प्रकार करतो आणि तीक्ष्णाचे पुन्हा खर, सार वगैरे सहा पोटभेद सांगतो. धार धरणारे ते तीक्ष्ण, असा गुणावरून नाव देण्याचा हा विचार असावा.

मग ‘पोलाद’ आले आणि तिखे मागे पडले. फारसीत ‘पूलाद’ आणि ‘फूलाद’ अशी दोन्ही रूपे आहेत. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘फ’चे रूप अरबी वळणाचे असावे. हिंदीने ‘फौलाद’ घेतले, मराठीने ‘प’ राखला. हाच शब्द रशियनमध्ये ‘बुलात’ आणि मंगोलियनमध्ये ‘बोल्द’ झालेला दिसतो. त्यामागचे पहलवी रूप ‘पोलावद’ असे लावतात. वेदातल्या ‘पवि’शी, म्हणजे चाकाच्या धावेशी किंवा वज्राशी, आणि अथर्ववेदातल्या नांगराच्या ‘पवीरवत्’ या विशेषणाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण मधला ‘ल’ आणि मधली शतके एवढ्याने सांधत नाहीत, म्हणून तो मोह मी आवरतो.

शब्द पश्चिमेकडून आला, माल मात्र इथून तिकडे जात होता. अरबीत उत्तम तलवारीला ‘मुहन्नद’ म्हणत, म्हणजे हिंदची. मार्को पोलोचे ‘ओंदानिक’ हेही ‘हिंदवानी’चेच रूप असावे.

सर्वांत गमतीचा प्रवास ‘वुट्झ’चा, म्हणजे इथल्या पोलादाच्या इंग्रजीतल्या नावाचा आहे. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. तिथून ‘वुट्झ’ रूढ झाले. पण हा शब्द कुठल्या भाषेतला? कन्नड आणि तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. तमिळ ‘उरुक्कु’मध्ये वितळवण्याचा अर्थ आहे आणि मुशीत वितळवून केलेल्या या पोलादाला तो चपखल बसतो. ‘हॉब्सन-जॉब्सन’कारांच्या मते ‘उक्कु’चे ‘वूक’ केले गेले आणि वाचणाऱ्याने किंवा छापणाऱ्याने त्याचे ‘वुट्झ’ केले. काहींनी ‘उच्च’कडे बोट दाखवले आहे. मला ‘उक्कु’च पटते.

याच ‘वुट्झ’चे रहस्य उलगडताना मायकेल फॅरडे यांनी १८१९ पासून स्टोडार्ट यांच्याबरोबर पोलादाचे मिश्रधातू घडवून पाहिले. उरलमधल्या झ्लातोउस्त इथे अनोसोव्ह ‘बुलात’च्या मागे लागले आणि १८४१ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. या पोलादात कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे बराच जास्त. पात्यावरची नागमोडी नक्षी ही लोह-कार्बाइडच्या कणांची रांग. ती रांग धरायला व्हॅनेडियमसारख्या धातूचा अंशमात्रही कारण होतो, असे अलीकडचे संशोधन सांगते. आधुनिक धातुशास्त्राच्या उभारणीत दक्षिणेतल्या भट्टीवाल्यांचा हा वाटा मला मोलाचा वाटतो.

आता पाण्याकडे वळू. तापलेले पाते बुडवण्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि पात्याचे तेजही, जसा आपला ‘पाणीदार’ मोती. सुश्रुतसंहितेत या क्रियेला ‘पायना’ म्हटले आहे आणि क्षार, उदक, तेल असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. पायना म्हणजे पाजणे. मग विळा, कुऱ्हाड ‘पाजवणे’ हेही त्यातलेच का? ‘पाजळणे’ हे ‘प्रज्वल’वरून येते हे स्पष्ट आहे आणि ‘शस्त्र पाजळणे’ही आपण म्हणतोच, त्यामुळे दोन मुळे इथे एकमेकांत मिसळली असावीत. ‘पाजवणे’चा मूळ अर्थ पाणी पाजणे असावा आणि धार लावणे हा अर्थ मागाहून चिकटला असावा, असा माझा कयास आहे.

आज स्वयंपाकघरात ‘स्टील’ आहे, ‘पोलादी’ पडद्यापुरते आणि निर्धारापुरते उरले आहे आणि ‘तिखे’ कोशात आहे. तुमच्या गावच्या लोहाराच्या तोंडी ‘तिखे’ किंवा ‘पाजवणे’ असेल, तर तो नेमके कोणत्या क्रियेला काय म्हणतो, ते जरूर टिपून ठेवा.