भुलाबाई आणि काचेचं कपाट

बाहुल्यांचा इतिहास म्हटला की आपल्याला आधी संग्रहालय आठवतं. दिल्लीचं उदाहरण घ्या. व्यंगचित्रकार शंकर यांच्याकडे हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला म्हणून एक बाहुली दिली. तिथून त्यांना बाहुल्यांचा छंद लागला आणि १९६५ साली त्यांचं आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडलं. आज तिथे सुमारे ८५ देशांतल्या सहा हजारांवर बाहुल्या आहेत. एका माणसाच्या प्रेमातून केवढं उभं राहतं बघा!

पण संग्रहात नेमकं काय टिकतं? मराठवाड्यातल्या तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे गाव; म्हणजे मूर्ती त्याआधीची. वीतभर उंचीची, अंगभर दागिने. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पण ती कशासाठी घडवली? कुणी म्हणतं आरशाची मूठ, कुणी म्हणतं तिवईचा पाय. वस्तू उरली, वापर हरवला.

आपल्या वऱ्हाडात नेमकं उलटं आहे. अमरावती-अकोल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. कुंभाराने मातीची, रंगवून केलेली जोडी: फेटेवाले भुलोजी, शेजारी भुलाबाई, तिच्या मांडीवर बाळ गणपती. शंकर-पार्वतीच ते, पण घरात त्यांचा थाट माहेरी आलेल्या लेकी-जावयाचा. संध्याकाळी पोरी घरोघर जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. मग झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. ओळखू येणार नाही असा खाऊ करणं हा त्या घरच्या बाईचा मान! कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर होतो. मग बहुतेक घरी मूर्तीचं विसर्जन. म्हणजे वस्तू दरवर्षी पाण्यात जाते. वापर मात्र आजीकडून नातीकडे येतो.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत विचारायचं तर बाहुलीचं बाहुलीपण कशात आहे? मातीत नाही, रंगातही नाही. तिच्याशी कोणी तरी बोलतं, तिला लेक मानतं, त्या नात्यात आहे. नातं तुटलं की उरते ती मूर्ती.

आणि काळजी इथेच आहे. आता महिला मंडळं भुलाबाई महोत्सव भरवतात, ते चांगलंच. पण स्टेजवर गाण्यांची स्पर्धा होते. एका दारातून दुसऱ्या दारात जाणं होत नाही. पोरींची संध्याकाळ ट्यूशनमध्ये जाते. मूर्ती पाण्यात गेली आणि खेळही थांबला, तर आपल्याकडे तेरसारखी मूर्तीसुद्धा उरायची नाही.

म्हणून ज्यांना बाहुल्या जमवायचा नाद आहे त्यांना माझं सांगणं आहे. कुंभाराकडून एक जोडी जास्तीची घ्या, ती जपा. पण तिच्यासोबत एक वहीही ठेवा. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर. डब्यात कुठला खाऊ होता. कोणत्या गल्लीत किती घरं फिरायचे. मूर्ती कोणाच्या हातची. घरात ऐंशी वर्षांच्या आजी असतील तर त्यांना विचारायला कोजागिरीची वाट पाहू नका. आणि शेजारच्या दोन पोरींना एक संध्याकाळ घरी बोलवा. डबा हलवायला तेवढ्या पुरतात.