लाकडी चॉपिंग बोर्डावरचा आरोप आणि उलटलेला प्रयोग

१/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एका साध्या वस्तूवर संशय घेतला जाऊ लागला : लाकडी चॉपिंग बोर्ड. लाकूड सच्छिद्र, म्हणून त्यात जंतू दडणार. प्लास्टिक गुळगुळीत, म्हणून ते सुरक्षित. शासकीय सल्लाही प्लास्टिकच्याच बाजूचा होता. मात्र त्यामागे प्रयोगांचा भक्कम आधार नव्हता.

२/ प्रश्न क्षुल्लक नव्हता. १९९३ च्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय जिवाणू पसरला. ७०० हून अधिक माणसे आजारी पडली; ४ बालके दगावली.

३/ त्याच सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर, नेसे आक आणि चार्ल्स कॅस्पर हे संशोधक बोर्डांची परीक्षा घेत होते. लाकडाची बाजू मांडणे हा त्यांचा हेतू नव्हता. लाकडी बोर्ड प्लास्टिकइतका सुरक्षित कसा करावा, एवढेच त्यांना शोधायचे होते.

४/ दोन्ही पृष्ठभागांवर साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलाय सोडण्यात आले. निकाल अपेक्षेच्या उलट आला. लाकडावरून परत मिळणारे जंतू वेळेगणिक घटत गेले. प्लास्टिकवरचे तासन् तास टिकले. दमट हवेत रात्रभर ठेवल्यास वाढलेही.

५/ याचे कारण त्या सच्छिद्रतेतच होते. लाकूड ओलावा शोषते, त्यासोबत जंतू आत ओढले जातात आणि तेथे न वाढता हळूहळू मरतात. नवे प्लास्टिक सहज धुतले जाते. पण सुरीचे चरे पडले, त्यांत कोंबडीची चरबी बसली, की हाताने धुणे अपुरे ठरते.

६/ हे निष्कर्ष १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ फूड प्रोटेक्शन’मध्ये प्रसिद्ध झाले. वाद मात्र मिटला नाही. आत शोषले गेलेले जंतू दिसत नाहीत, म्हणून ते संपले असे कसे मानावे, हा आक्षेप रास्त होता. आज अमेरिकेचे कृषी खाते लाकूड व प्लास्टिक दोन्ही चालतील असे सांगते.

७/ निगेचे नियम साधे आहेत. कच्च्या मांसमासळीसाठी वेगळा बोर्ड. वापरानंतर गरम पाणी व साबण. मग उभा ठेवून पूर्ण वाळवणे. लाकूड पाण्यात भिजत ठेवू नये, अधूनमधून खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल लावावे. खोल चरे वा भेगा पडल्यास बोर्ड बदलावा.

८/ ‘गुळगुळीत म्हणजे स्वच्छ’ हा तर्क इतका सरळ होता, की तो तपासून पाहण्याची गरजच कुणाला फारशी वाटली नव्हती.